सावत्र की सख्खी? फोंडा तालुक्यातल्या एका घराण्याच्या कागदांचा माग

पार्श्वभूमी

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका गावातले हे कुटुंब. समाईक मालमत्ता म्हणजे जुने घर, त्याच्या मागचे कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आणि थोडी भरड जमीन. हे सगळे जुन्या नोंदणीत अजून पणजोबांच्या नावावर आहे. पणजोबा १९३०च्या दशकात वारले. मागे तीन मुलगे आणि एक मुलगी. थोरल्या मुलाच्या वंशजांना गावात ‘थोरले घर’ म्हणतात, धाकट्या दोघांच्या वंशजांना ‘धाकटे घर’. मुलीच्या वंशजांना काहीच म्हणत नाहीत, कारण त्यांना कोणी मोजलेच नव्हते. गोव्याच्या कायद्यात मात्र त्यांना मोजल्यावाचून सुटका नाही.

ओळख पटू नये म्हणून गाव, आडनाव आणि माणसांची नावे गाळली आहेत. ज्या दोन नावांवरून सगळा घोळ झाला त्यांची फक्त आद्याक्षरे देतो, आणि तीही बदललेली: ल. आणि स. थोरल्या घरातर्फे निवृत्त शिक्षिका असलेल्या ताई बोलत होत्या. धाकट्या घरातर्फे त्यांचे चुलतभाऊ. ते जुन्या घरातच राहतात आणि सगळे त्यांना दादा म्हणतात. पोर्तुगीज कागद वाचून देणे हे माझे काम. मला बोलावले ताईंनी, पण जो कागद सापडेल त्याची प्रत दादांनाही एकाच दिवशी मिळेल, या अटीवर मी होकार दिला. ही अट पुढे फार उपयोगी पडली.

मागची कायद्याची चौकट थोडक्यात सांगायला हवी, नाहीतर एका बाईच्या नावावरून एवढे रामायण का, ते बाहेरच्या वाचकाला कळणार नाही. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १ जुलै १८७० पासून लागू झाली. हिंदूंच्या रूढींसाठी १८८० साली वेगळा हुकूम निघाला. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक धरायची, एक जण गेला की निम्मी उरलेल्याची, आणि बाकीच्या निम्म्यावर वारसा चालायचा, ही इथली सर्वसाधारण रीत. मुलीचा वारसा मुलाइतकाच. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात त्या काळी, भाऊ हयात असताना, लग्न होऊन गेलेल्या मुलीचे नाव बापाच्या मिळकतीच्या कागदावर येण्याचे कारणच नव्हते. गोव्यात ते यायचे. वंशावळ काढणाऱ्याला याहून मोठी देणगी नाही, आणि तरी बहुतेक घराणी तिच्याकडे पाठ फिरवून पुरुषांच्याच नावामागे धावतात.

अडचण

कुटुंबाला वाटणी करायची होती. त्यासाठी दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची आणि वारसांची यादी दाखल करून वाटप, हाच पक्का रस्ता. २०१२चा वारसा कायदा २०१६च्या अखेरीस अमलात आला. त्यातही ही पद्धत कायम आहे. कुटुंबप्रमुखाने शपथेवर सांगायचे की मृत माणूस कोण, त्याचे लग्न कोणाशी झाले, मुले किती आणि कोणापासून.

इथेच अडले. ताईंचा पुतण्या पोर्तुगीज नागरिकत्वासाठी कागद जमवत होता. त्याने थोरल्या आजोबांच्या लग्नाचा उतारा काढला. त्यात वराच्या आईचे नाव होते ल. दादांनी त्यांच्या आजोबांच्या लग्नाचा उतारा काढला, त्यात आईचे नाव स. बाप दोन्हीकडे एकच.

थोरल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेले: आमची पणजीआजी वेगळी, ती लवकर गेली, धाकट्या घराची ती सावत्र. धाकट्या घरात सांगत आलेले: सावत्र कुठली, एकच बाई. माहेरचे नाव ल., सासरी आल्यावर बदललेले नाव स. दादांचा युक्तिवाद साधा आणि वजनदार होता. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल घरोघर होती, आजही काही घरांत आहे. शिवाय दोन्ही घरांच्या मुंजी-लग्नांत मामाचा मान बार्देश तालुक्यातल्या एकाच घराण्याला जात असे. ‘मामा एक, तर आई दोन कशा?’ हा त्यांचा प्रश्न.

आता यात पैशाचा भाग. बाई एकच असेल तर तिन्ही भाऊ आणि बहीण बरोबरीचे वारस. बायका दोन असतील, तर पहिली गेली तेव्हाच तिच्या निम्म्याचा वारसा उघडला आणि तो फक्त तिच्या पोटच्या मुलाचा, असा दावा थोरले घर करू शकत होते. वकिलांनी हे सांगितले त्या दिवसापासून दोन्ही घरांतला फोन थंडावला.

कोणते मार्ग होते

पहिला मार्ग वकिलांनीच सुचवला: वारसा ठरवणारा नोटरीपुढचा दस्त. कुटुंबप्रमुखाने निवेदन द्यायचे, तिघा विश्वासू माणसांनी त्याला दुजोरा द्यायचा, आणि काम पुढे. स्वस्त आणि लवकर होणारा. पण निवेदनात कोणती गोष्ट लिहायची, हाच तर वाद. एका घराने लिहिलेले दुसऱ्याने आव्हानले असते तर दस्त उलटला असता आणि खोट्या निवेदनाचे लचांड वेगळे. मी स्पष्ट सांगितले की नाते ठरल्याशिवाय या दस्ताला हात लावू नका.

दुसरा मार्ग पुरुषांच्या याद्यांचा. देवस्थानचे महाजन, म्हणजे वंशपरंपरेने हक्क असलेले सभासद, म्हणून घराण्याची नावे यादीत आहेत. देवस्थानांच्या कारभारासाठीच्या १९३३च्या माझानी नियमावलीने या याद्यांना सरकारी चौकट दिली. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही होत्या. ताईंच्या एका दिरांनी उत्साहाने तिकडून वंशावळ उतरवूनही आणली. सात पिढ्यांचे पुरुष ओळीने मिळाले, पण आमच्या प्रश्नाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. महाजनांच्या यादीतही तेच. या कागदांना आई ठाऊक नाही.

तिसरा मार्ग पणजोबांच्या लग्नाच्या नोंदीचा. तो बंद होता. सर्वांसाठीची नागरी नोंदणी गोव्यात बसली ती पोर्तुगालमध्ये १९१०ला प्रजासत्ताक आल्यानंतर, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. पणजोबांचे लग्न (किंवा लग्ने) त्याआधीचे. ख्रिस्ती कुटुंब असते तर चर्चच्या लग्नवहीत वधूवरांचे आईबाप, गाव, आधीचा जोडीदार वारला असल्यास तेही सापडले असते, आणि हे प्रकरण कदाचित एका दुपारीत मिटले असते. हिंदू घराण्याला ती सोय नाही. भटजींच्या वहीत मुहूर्त सापडतो, बायकोचा बाप नाही.

चौथा मार्ग मृत्यूनोंद आणि तिच्यावरून मृत्युपत्र शोधण्याचा. पाचवा, जुन्या इन्व्हेंटरी शोधण्याचा. वारसांत अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मूल असले की त्या काळी न्यायालयात इन्व्हेंटरी करणे सक्तीचे होते. हे दोन्ही मार्ग वेळखाऊ. पण त्या काळात बाई नावानिशी कुठे दिसणार असेल तर तिथेच.

काय केले

सुरुवात उताऱ्यांपासून केली, आणि पहिला निर्णय असा की उताऱ्यावर विसंबायचे नाही. कार्यालयातून टंकलिखित उतारा मिळतो त्यात ठरावीक रकाने असतात. मूळ वहीत याहून बरेच काही असते: वय, जन्मगाव, आईबाप हयात की मृत, साक्षीदार कोण, सही कोणी केली आणि कोणाला करता आली नाही, समासात मागाहून घातलेल्या नोंदी. म्हणून दोन्ही लग्नांच्या पूर्ण मजकुराच्या नकला मागितल्या.

थोरल्या आजोबांच्या लग्नाच्या पूर्ण नकलेत ल.च्या नावापुढे ‘मृत’ असा शब्द होता. धाकट्या आजोबांच्या लग्नात, त्यानंतर दहा-बारा वर्षांनी, स. हयात होती आणि गृहिणी म्हणून नोंदलेली. ताईंना वाटले, संपले. दादांना ते पटले नाही, आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. मजकूर सांगणारा माणूस मराठी बोलणारा, लिहिणारा कारकून पोर्तुगीज, मध्ये दुभाषी. एखादा शब्द चुकून पडू शकतो. एका शब्दावर घराण्याचा वारसा ठरवायला मीही तयार नव्हतो.

मग मृत्यूनोंदी. त्या काळच्या मृत्यूनोंदीत माणसाने मृत्युपत्र केले होते का, मालमत्ता होती का, मुले अज्ञान होती का, हे बहुधा लिहिलेले असते. शोधणाऱ्यासाठी ती पुढच्या दफ्तराची चिठ्ठीच असते. पणजोबांच्या नोंदीत: मृत्युपत्र नाही, सर्व मुले सज्ञान. म्हणजे त्यांच्या बाजूने ना मृत्युपत्र, ना सक्तीची इन्व्हेंटरी. स.च्या नोंदीत मात्र दोन मोलाच्या गोष्टी होत्या. तिने मृत्युपत्र केले होते. आणि तिच्या आईबापांची नावे व बार्देशातले जन्मगाव दिले होते.

मृत्युपत्र फोंड्याच्या नोटरीच्या पुस्तकात मिळाले. सार्वजनिक मृत्युपत्र, म्हणजे नोटरीने साक्षीदारांसमोर पुस्तकात उतरवून घेतलेले. स.ला लिहिता येत नव्हते; तिच्या विनंतीवरून दुसऱ्याने सही केली. साक्षीदारांपैकी एकाने मराठी अक्षरांत सही केली, असे नोटरीने मुद्दाम नमूद केले आहे. मजकुरात ती आपल्या ‘तीन मुलग्यां’ची आणि एका मुलीची नावे घेते. तिन्ही. थोरला पहिला.

दादांच्या घरात त्या दिवशी आनंद होता. खुद्द पणजीआजीच म्हणते की थोरला माझा मुलगा, आता आणखी काय हवे? ताई गप्प झाल्या.

इथे थांबून मृत्युपत्र पुन्हा वाचणे हा या प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा निर्णय ठरला. स.ने आपल्या हाती असलेल्या मोकळ्या, म्हणजे मनाप्रमाणे कोणालाही देता येणाऱ्या, हिश्श्यातून कुळागराचा एक तुकडा एकट्या थोरल्याला ठेवला होता, आणि कारण दिले होते: तो भावांच्या बरोबरीने व्हावा म्हणून. धाकट्या घराने याचा अर्थ लावला की थोरल्यावर तिचा जीव जास्त. थोरल्या घराने लावला की त्याने म्हातारपणी तिला सांभाळले. दोघांनीही वाक्य नीट पाहिले नव्हते. गोव्याच्या कायद्यात मुलांना त्यांचा राखीव हिस्सा आपोआप मिळतो, आईला तो तोडता येत नाही. तो पोटचा असता तर आधीच बरोबरीचा होता. त्याला ‘बरोबरीने’ आणण्यासाठी मोकळ्या हिश्श्यातून काही द्यावे लागते ते कधी? त्याचा राखीव हिस्साच नसेल तेव्हा.

तरी हा तर्कच. मृत्युपत्रात माणूस जे सांगतो ते नोटरी लिहितो. नाते खरे की मानलेले, ते तो तपासत नाही. लहानपणापासून वाढवलेल्या सावत्र मुलाला कोणती बाई ‘सावत्र’ म्हणून लिहवून घेईल? उलट बाजूने, ‘बरोबरीने’ हा शब्द तिने आणखी कुठल्या तरी कारणाने वापरला असेल, असेही म्हणता येते. मला असा कागद हवा होता ज्यात खोटे नाते लिहिण्याने दुसऱ्या कोणाचे तरी नुकसान झाले असते आणि त्याने हरकत घेतली असती.

असा कागद सासरी मिळणार नव्हता. तो माहेरी मिळाला असता.

दोन नावे, पण माहेर?

स.चा बाप बार्देशातला, म्हणजे त्याचे प्रकरण म्हापशाच्या कोमार्का (न्यायिक विभाग) न्यायालयाचे. पणजीतल्या पुराभिलेख खात्यात (१५९५ साली पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोतुच्या हाती सोपवलेले दफ्तर ते हेच, आज ते पुष्कळ वाढले आहे) आणि न्यायालयांच्या दफ्तरांत मिळून जुन्या इन्व्हेंटरींच्या सूच्या आहेत. ताईंच्या पुतण्याने पूर्वी एकदा शोध घेऊन ‘काही नाही’ असे सांगितले होते. त्याने आडनावाने शोधले होते. जुन्या पोर्तुगीज सूच्या मृताच्या पहिल्या नावाने लावलेल्या असतात, आडनाव शेवटी. त्यात नावे पोर्तुगीज कानाने ऐकून लिहिलेली: शंकर शोधायचा तर ‘एक्स’ अक्षराखाली, जगन्नाथ ‘झेड’खाली, कृष्णा ‘सी’खाली, यशवंत कधी ‘ई’खाली. आडनावात प्रभूचा ‘पोरोबु’ होतो, कामतचा ‘कामोतीं’, शेणवी ‘सिनाय’ होऊन बसतो. गावाचे नाव आणि बापाचे नाव ही दोनच खुंट धरायची आणि बाकी स्पेलिंग सैल सोडायचे.

स.च्या बापाची इन्व्हेंटरी मिळाली, साधारण १९०५ ते १९१० मधली. ती मुळात झाली होती कारण वारसांत एक अज्ञान मूल होते. ते अज्ञान मूल कोण, ते पाहण्याआधी मी एक गोष्ट दोन्ही घरांना लेखी विचारून घेतली: या कागदात ज्याच्या बाजूने निघेल ते दोघे मान्य करणार का, आणि त्यानंतर वाटाघाटी संपेपर्यंत कोणी न्यायालयात धाव घेणार नाही ना? ताईंच्या मुलाला हे आवडले नाही. तो म्हणाला, कागद आपल्या बाजूचा निघाला तर हात बांधून का घ्यायचे? ताईंनी त्याला गप्प केले आणि सही केली. दादांनीही केली, थोड्या कुरकुरीने.

एक शक्यता तोवर कोणीच मांडली नव्हती, दोन्ही घरांचा वाद ‘एक बाई की दोन’ एवढ्यातच अडकलेला. स.चे आईबाप कळले आणि पुढे ल.चेही तेच निघाले असते, तर दादा म्हणाले असते, पाहा, एकच बाई. पण त्या काळी बायको गेली की तिच्या धाकट्या बहिणीलाच त्या घरात देत. पोराला परकी आई नको, आणि माहेरचा संबंधही तुटायला नको. आईबाप एक म्हणजे बाई एक, हे समीकरण म्हणून चालणार नव्हते. मामाचा मान एकाच घराण्याला जाण्याचा पुरावाही दोन्हीकडे सारखाच लागू पडत होता.

इन्व्हेंटरीत कुटुंबप्रमुखाचे, म्हणजे मृताच्या थोरल्या मुलाचे, शपथेवरचे निवेदन होते. वारस: मृताची विधवा, मुलगे, मग मुली. मुलींत स., पणजोबांची बायको, पणजोबांच्या नावागावासकट. आणि तिच्या आधी, ल., मृत, तिच्या जागी तिचा अज्ञान मुलगा, बापाचे नाव तेच. थोरले आजोबा. वय साधारण दहा-अकरा. बापाकडच्या आणि आईकडच्या नातलगांची जी कुटुंब परिषद अज्ञानाच्या हितासाठी नेमली होती तिच्यातही नाती लिहिलेली होती, आणि ती जुळत होती.

मेलेल्या मुलीच्या जागी तिचे मूल उभे राहते आणि तिचा हिस्सा घेते, हा प्रतिनिधित्वाचा नियम या सगळ्या गुंत्याची किल्ली. ल. आणि स. एकच बाई असती तर तिच्या मुलाला आजोळच्या इन्व्हेंटरीत वेगळे उभे राहण्याचे कारणच नव्हते. ती स्वतः हयात होती. आणि हे निवेदन खोटे असते तर मामांचा प्रत्येकाचा हिस्सा विनाकारण कमी झाला असता. जिथे सख्खे भाऊ आपला वाटा कमी करून घ्यायला बिनतक्रार तयार होतात, तिथले नाते मी खरे धरतो.

निष्पत्ती

दोन्ही घरांचे निम्मे खरे होते. आया दोन होत्या, पण माहेर एक. थोरल्या आजोबांना स. ही सावत्र आई होती आणि सख्खी मावशीही. दादांनी कागद शांतपणे वाचला आणि पहिला प्रश्न विचारला तो पैशाचा नव्हता. त्यांनी विचारले, मग मृत्युपत्रात तिने त्याला मुलगा म्हटले ते खोटे का? ताई म्हणाल्या, ‘खोटे कशाला, दादा? तिच्याच बहिणीचे पोर ते.’

पैशाचा प्रश्न उरलाच. ल.च्या निम्म्या हिश्श्याचा दावा आता थोरल्या घराच्या हाती होता, आणि ताईंच्या मुलाला तो हवा होता. वकिलांचे मत असे की दावा उभा राहू शकतो, पण तो चालवायचा म्हणजे ल. गेली तेव्हा पणजोबांकडे नेमके काय होते, हे सव्वाशे वर्षांनी सिद्ध करायचे. कुळागराचा बराच भाग त्यानंतर घेतलेला असल्याचे जुन्या करवहीवरून दिसत होते. वर्षे गेली असती आणि कुळागरात पाणी कोण सोडणार, हेही त्या काळात ठरले नसते.

शेवटी तडजोड अशी झाली. स.ने मृत्युपत्रात थोरल्याला दिलेला तुकडा थोरल्या घराला पूर्ण. घर दादांकडे. बाकीचे चार समान भाग, चौथा मुलीच्या वंशजांचा. त्यांचा माग मुलीच्या लग्नाच्या पूर्ण नकलेवरून लागला. ते कारवारकडे होते, आणि आपल्याला गोव्यात काही येणे आहे याची त्यांना कल्पना नव्हती. मालमत्ता वारसांतच बोली लावून घ्यायची पद्धत इन्व्हेंटरीत आहे, पण तिची गरज पडली नाही. सहमतीची वाटणी न्यायालयात दाखल झाली.

ल.च्या हिश्श्यापोटी थोरल्या आजोबांना बार्देशात भातशेतीची एक पट्टी मिळाली होती, हे त्याच इन्व्हेंटरीतून कळले. कुटुंबात हे कोणालाच माहीत नव्हते. ताईंच्या मुलाचे डोळे चमकले. पण १९६४चा कूळ कायदा आणि १९७६ची पाचवी दुरुस्ती यांनंतर कसणारे कूळच मालक. सर्वे उताऱ्यावर आज त्या कुळाच्या मुलांची नावे आहेत. ते प्रकरण तिथेच सोडले.

पुतण्याच्या नागरिकत्वाच्या कागदांत मात्र काही दुरुस्त करावे लागले नाही. आईचे नाव ल. हे सुरुवातीपासून बरोबरच होते.

वेगळे काय करता आले असते

सर्वात आधी, उताऱ्यांऐवजी पूर्ण नकला पहिल्याच दिवशी मागायला हव्या होत्या. कुटुंबाने दोन उतारे शेजारी ठेवून महिनोन्‌महिने भांडण केले. ‘मृत’ हा एक शब्द आधी दिसला असता तर भांडण मिटले नसते, पण त्याला दिशा मिळाली असती. फरक किरकोळ शुल्काचा आणि थोड्या जास्त प्रतीक्षेचा.

मृत्युपत्राचा फोटो दादांच्या मुलाने सापडल्या दिवशीच कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, त्यातले एकच वाक्य मराठीत करून: ‘तीन मुलगे’. ‘बरोबरीने’ असलेले वाक्य खालच्या पानावर होते. दोन्ही घरांनी प्रत एकाच दिवशी घेण्याची अट पाळली, पण ती सगळ्या जगाला दाखवण्याआधी पूर्ण वाचून घेण्याची अट कोणी घातली नव्हती. पुढच्या प्रकरणांत ती आता लिहून घेतो. अर्धवट वाचलेले मृत्युपत्र एकदा घरभर फिरले की त्याचा अर्थ बदलणे न्यायालयालाही जड जाते.

माहेरचा शोध सर्वात शेवटी आला, तो मधेच यायला हवा होता. गोव्यातल्या हिंदू घराण्यात १९१०पूर्वीच्या बाईबद्दल प्रश्न असेल तर मी आता सासरच्या कागदांवर फार वेळ घालवत नाही. तिचा बाप कोण आणि कुठला एवढे कुठल्याही मृत्यूनोंदीतून कळले की लगेच त्याच्या मरणाच्या काळातली इन्व्हेंटरी शोधायची. ती नसेल तर भावांची. वारसांत एक जरी अज्ञान असला तर फाईल असण्याची शक्यता मोठी, आणि त्या काळी बाळंतपणात बायका जात, पोरे मागे राहत, त्यामुळे अज्ञान वारस दुर्मीळ नव्हते.

मुलीच्या वंशजांना उशिरा शोधल्याने वाटणीचा पहिला मसुदा फुकट गेला. तो तीन भागांचा होता. कारवारच्या कुटुंबाने समजूतदारपणा दाखवला म्हणून निभावले. त्यांनी हरकत घेतली असती तर ती टिकली असती. इन्व्हेंटरीच्या तयारीत मुलग्यांच्या यादीबरोबर मुलींच्या लग्नाच्या पूर्ण नकलाही त्याच अर्जात मागवून ठेवाव्यात.

लेखी संमती घेण्याबद्दल माझे मत आजही पक्के नाही. ताईंच्या मुलाचे म्हणणे, की ज्यांचा हक्क निघतो त्यांनी तो आधीच का सोडावा, चुकीचे नव्हते. त्याच्या आईने सही केली ती घर एकत्र राहावे म्हणून, आणि तिचा हिशेब पैशात मांडता येत नाही. ती सही नसती तर इन्व्हेंटरी उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी दावा दाखल झाला असता, एवढे मात्र खरे. तशी संमती घ्यायची तर आता मी दोन्ही बाजूंना आधी आपापल्या वकिलाकडे पाठवतो, आणि त्यात मुलांच्या पिढीच्या सह्याही मागतो.